सरिताला सांगायचं राहिलेलं

५ जानेवारी २०११, बुधवार

राईस मिलच्या शेठनं यंदा मिठाईच्या डब्याऐवजी डायरी दिली. हमालांच्या टोळीतल्या बहुतेकांनी ती पोरांना रेघोट्या मारायला देऊन टाकली. मी ठेवली. बी.ए.चं पहिलं वर्ष केलेला हमाल सानगडीच्या या मिलमध्ये मी एकटाच. कधीपासून लिहीन म्हणत होतो, आज लिहिण्यासारखं घडलं.

सकाळी सरिताला घेऊन साकोलीच्या डॉक्टरांकडे गेलो. रीना सोबत होती. रीना ही सरिताची धाकटी बहीण, सानगडीतच दिलेली, गावची आशाताई. आमच्या घरात तपासण्या झाल्या त्या तिच्याचमुळे. सरिताचं कार्ड लाल निघालं, म्हणजे सिकलसेल. थंडी वाजली, पाण्यात राबली की तिचे हातपाय आणि छाती धरतात, ते यामुळे. माझं कार्ड पिवळं. म्हणजे मला आजार नाही, पण माझ्या रक्तात तो आहे आणि पोरांना जाऊ शकतो. आमच्या पोरी संबोधी आणि पौर्णिमा, दोघी पिवळ्यावर निभावल्या.

डॉक्टर म्हणाले, "तिसरं बाळंतपण हिच्या जिवावर येईल. हिच्यावर ऑपरेशनही नको, भूल झेपायची नाही. तुमचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या. एकही टाका पडत नाही, दहा मिनिटांचं काम."

मी काही बोलायच्या आधीच रीना म्हणाली, "करतेत जी. आमचे भाऊजी वाघ हाईत."

मी मान हलवली. सरितानं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

डॉक्टरांनी कागद भरताना विचारलं, "तुमच्या घरी कोणाचे सांधे दुखायचे का? डोळे पिवळे?" मी नाही म्हणालो. बाबा गुडघे धरून बाजेवर कण्हत पडायचा, पण तो आजार नव्हता, आळस होता. सारं गाव तसंच म्हणायचं. त्याला बाजीराव म्हणत, बाजेवरचा राव. आई लोकांच्या भाताच्या बांध्यांमध्ये राबली आणि तो अडतिसाव्या वर्षी बाजेवरच गेला. आठवीत असताना मी ठरवलं होतं, दिवसाउजेडी मला बाजेवर कोणी पाहणार नाही.

पिवळं कार्ड डायरीच्या कव्हरात घातलं आहे. थोरल्या भावाला, परसरामदादाला, टोळीला, कोणालाच त्यातलं काही माहीत नाही. शंभर किलोचं पोतं एकटा पाठीवर घेणाऱ्या माणसाचं रक्तच कच्चं आहे म्हटल्यावर लोक काय म्हणतील.

१९ जानेवारी, बुधवार

नसबंदीचं शिबिर भंडाऱ्याला होतं. रीना सोबत येणार होती, मीच नको म्हणालो. एकट्यानं गेलो, म्हणजे ओळखीचं कोणी दिसलं तर काहीही सांगता येतं.

सरकारी दवाखान्यात वरच्या मजल्यावर बाक होता. आम्ही सहा जण. माझ्या शेजारी पवनीकडचा एक जण होता, तो आतून होऊन आला आणि चालत चालत म्हणाला, "मुंगी चावल्यावानी लागते बस." तरुण डॉक्टर दारात येऊन नावं पुकारत होते. माझं नाव आलं. मी उठलो. दोन पावलं दाराकडे गेलो. तेवढ्यात आतून कोणीतरी हसलं. कशाला हसलं कोण जाणे. मला एकदम आमची टोळी दिसली, मिलच्या ओट्यावर बसलेली. डॉक्टरांनी पुन्हा नाव पुकारलं, तेव्हा मी जिना उतरत होतो.

नंतर भांड्यांच्या बाजारात फिरलो. एका दुकानात एक माणूस चिंचेनं पाण्याचा पितळी गुंड घासत होता, तो लख्ख होईपर्यंत उभा राहून पाहिला. मग एसटी स्टँडवर बसून राहिलो.

घरी आलो तर सरितानं उंबऱ्यातच विचारलं, "दुखते का?"

"नाही."

"झालं नं पण?"

बसमध्ये मी ठरवलं होतं की म्हणायचं, आज गर्दी होती, पुढच्या शिबिरात बोलावलं. तिनं बाजेवर धुतलेली चादर घातली होती, चुलीवर अंडी उकळत होती. मी म्हणालो, "झालं."

२२ जानेवारी

तीन दिवस बाजेवर आहे. रीनानं सरिताला सांगून ठेवलंय, आठ दिवस वजन उचलू द्यायचं नाही. मिलमध्ये निरोप दिला की ताप आहे.

सरिता ऊन पाणी आणून देते, पाय दाबते. तिचेच गुडघे सुजले आहेत. आज पाय दाबता दाबता म्हणाली, "माह्या मायच्या गावात एकाही माणसानं बायकोसाठी असं नाही केलं. मी कोणाले सांगणार नाही, तुमाले आवडणार नाही म्हणून. पण माह्या मनात राहीन."

मी भिंतीकडे तोंड केलं. तिला वाटलं दुखतंय.

पुढचं शिबिर मार्चमध्ये आहे. तेव्हा गुपचूप जाऊन करून येईन. मग खोटं ते खरं होईल आणि कोणाचं काही बिघडणार नाही.

११ फेब्रुवारी

आज पोती भरायला तीन ट्रक होते. गोपीचंदनं दोन वर्षांपूर्वी नसबंदी केली, तीन पोरांवर. टोळी त्याला बैल म्हणते. मुकादम धनीराम त्याला हाक मारताना जिभेनं टकटक आवाज काढतो, बैलाला काढतात तसा. सगळे हसतात. मीही हसलो. आधीही हसत होतो, आज जरा जास्तच हसलो.

संध्याकाळी मोजणी झाली तेव्हा गोपीचंदची पोती माझ्यापेक्षा सात जास्त निघाली. थंडीत माझी पाठ धरली असेल.

परसरामदादा आमच्या विहाराच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. बाबा गेल्यावर त्यानंच घर उभं केलं, त्याच्यापुढे मी अजूनही खुर्चीवर बसत नाही. रात्री त्याच्याकडे जेवताना गोपीचंदचं निघालं तर म्हणाला, "ज्याच्यात दम नाही तो असे धंदे करते. तुले एक तरी पोरगा पाहिजे, धम्मदीप. तुह्यानंतर जयंतीचा झेंडा कोण धरन?" वहिनी, म्हणजे चंद्रकांतावहिनी, वाढता वाढता सरिताकडे पाहून हसली. सरितानं मान खाली घातली. तिला वाटत असेल, आपल्या नवऱ्यानं केवढं धाडस केलं आणि यांना पत्ताही नाही.

२४ मार्च

शिबिर काल होऊन गेलं. गेलो नाही. ट्रक होता.

ट्रक नसता तरी गेलो नसतो. इथं तरी खरं लिहावं.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीत झेंडा माझ्याकडे. वीस फुटांचा बांबू, दुसरे पट्टा बांधतात, मी नुसत्या हातानं आणि छातीच्या जोरावर धरतो. विहारापासून बाजार चौकापर्यंत एकदाही खाली टेकवला नाही. पोरं फोटो काढत होती. दादा लोकांना सांगत होता, "लहान भाऊ हाय माहा."

सरिता पांढऱ्या लुगड्यात रस्त्याच्या कडेला दोन्ही पोरींना घेऊन उभी होती. मी समोरून गेलो तेव्हा तिनं हात जोडले. झेंड्याला जोडले असतील. मला ते माझ्याकडे पाहून जोडल्यासारखे वाटले आणि बांबू पहिल्यांदा जड लागला.

२ मे

रीनानं ऑपरेशननंतर तीन महिने वापरायला दिलेली निरोधची पाकिटं संपली. ती सरिताला म्हणाली, आता तपासणी केली की भीती नाही. मला दोनदा विचारून झालं, "भाऊजी, तपासून आले का? सर्टिफिकेट देलं का?" मी म्हणालो, तपासलं, कागद मिलमध्ये राहिला.

सरिता आता मोकळी झाली आहे. लग्नानंतर दोनच वर्षं अशी हसायची. मी सांभाळून राहीन असं ठरवतो. पण दरवेळी नाही राहवत, आणि दूर झालो तर तिला प्रश्न पडेल. हे लिहितानाही लाज वाटते.

१९ जून

सरिताचं काहीतरी बिनसलं आहे. चार-पाच दिवसांपासून पोरींजवळ झोपते. सकाळी उलटी झाली, म्हणाली पित्त आहे. आज मी आंघोळीला बसलो होतो तर मागून एकदम म्हणाली, "ते तुमचं ऑपरेशन... ते कधी फेल होते का?"

मला वाटलं, हिला कळलं. कोणी सांगितलं, रीनानं रजिस्टर पाहिलं की काय. मी आवाज चढवून म्हणालो, "मोठ्या डॉक्टरनं केलं हाय. फेल कसं होईन? तुले माह्यावर भरोसा नाही का?"

"भरोसा हाय जी," ती म्हणाली. "तुमचाच माह्यावर राहिला पाहिजे."

याचा अर्थ मला लागला नाही. पण पुढं तिनं विचारलं नाही, तेव्हा सुटलो असं वाटलं.

३ जुलै

सरिता नीट जेवत नाही. मी हात लावला की दचकते. रागात आहे असं दिसतं. विचारलं तर म्हणते, "काही नाही." रीनाकडेही जात नाही, पूर्वी दर बाजाराला जायची. मी मुद्दाम गोड बोलतो. संशय आला असला तरी निवळेल.

१७ जुलै, रविवार

दादाच्या बांध्यांमध्ये भाताची रोवणी सुरू झाली. सरिता दरवर्षी घरी राहते, थंड पाण्यात उभं राहणं तिला चालत नाही. यंदा वहिनी अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली, "घरची सून घरात आन् आमी चिखलात. लाल कार्ड हाय म्हणे. कार्ड तर आमालेही राशनचं हाय." बाया हसल्या. दादानं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला लहानपणापासून कळतो.

मी सरिताला म्हणालो, "दोन दिवस जाऊन ये. तोंड बंद होईन त्यांचं."

वाटलं होतं नाही म्हणेल. लगेच निघाली. जसं काही तिला जायचंच होतं.

दुपारी भाकर घेऊन गेलो तर चिखलाच्या कडेला धुऱ्यावर बसली होती, ओठ काळेनिळे, पाय पोटाशी. मी म्हणालो, "उद्या नको येऊ." ती म्हणाली, "येते. अंगातलं सगळं जिरते म्हणतेत चिखलात राबलं की."

२२ जुलै

पाच दिवस गेली. मी अडवलं नाही. आज ताप आहे, हाडं फुटल्यासारखी दुखतात म्हणते. रीनाला बोलावू का म्हटलं तर माझा हात घट्ट धरला, "रीनाले नको." साकोलीच्या गोळ्या दिल्या आहेत.

३० जुलै

परवा, गुरुवारी, सरिता गेली.

आज लिहितो. लिहिलं नाही तर हे माझ्या डोक्यात वेगळं होत जाईल, मला सोयीचं.

मंगळवारी तिचा श्वास लागला. दादानं जीप केली. साकोलीहून भंडाऱ्याला पाठवलं. रक्त चारवर आलं होतं, छातीत संसर्ग. बाटल्या लावल्या. बुधवारी सकाळी डॉक्टरीण बाई तपासून आल्या आणि आम्हा दोघा भावांसमोर मला म्हणाल्या, "अहो, तीन महिन्यांच्या गरोदर बाईला चिखलात कसं पाठवलंत?"

सगळा जून, सगळा जुलै एका क्षणात समजला. पोरींजवळ झोपणं, ते फेल होते का विचारणं, रीनाकडे न जाणं, चिखलात जिरवायला जाणं. तिला कळलं नव्हतं. माझ्यावर तिचा तिळाएवढाही संशय नव्हता. ती स्वतःसाठी घाबरत होती.

तिनं ते बोलणं ऐकलं होतं. मला जवळ बोलावलं. नळी लावलेल्या हातानं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "मी काही वाईट नाही केलं. पोरींची शपथ. कसं झालं मले नाही समजलं. तुमी मानान नं?"

दादा पायथ्याशी उभा होता. वहिनी खिडकीजवळ.

मला फक्त एवढं म्हणायचं होतं, सरिता, मी ऑपरेशन केलंच नाही. पाच शब्द. माझ्या तोंडात आले होते. मी दादाकडे पाहिलं. वाटलं, हे दोघे चहाला जातील, तेव्हा सांगू. मी म्हणालो, "असं काय बोलते, आराम कर."

दादा म्हणाला, "तापात बरळून राहिली."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिनं मनगट सोडलं. दुपारी दोघं चहाला गेले तेव्हा मी वाकून तिच्या कानाशी सांगितलं. सगळं सांगितलं. पण तेव्हा ती शुद्धीत नव्हती. गुरुवारी पहाटे गेली.

चितेपाशी मी रडलो नाही. परतताना लोक दादाला म्हणत होते, "तुह्या भावाचं काळीज मोठं."

२ ऑगस्ट

रीना आली. पोरींना आंघोळ घातली, मग माझ्यासमोर बसून बोलली.

"भाऊजी, तुमाले सांगाचं होतं. तायडी पंधरा दिवसांआधी रस्त्यात भेटली, रडत होती. म्हणे, मले दिवस गेले, आता त्यांले काय सांगू. मी म्हटलं, हजारात एखादं फेल जाते, मी समजावतो भाऊजीले. तर माह्या पाया पडली. म्हणे, त्यांनी माह्यासाठी एवढं केलं आन् मी त्यांले असं दाखवू का. तू बोललीस तर मी तलावात जाईन. म्हणून मी चूप राहिली. मी चूप राहिली नसती तर ती वाचली असती."

रीना रडत होती. अपराध माझा आणि रडणं तिच्या वाट्याला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मोठ्या भावासारखा. त्या हाताचं काय करावं मला आता कळत नाही.

जाताना म्हणाली, "त्या डॉक्टरची तक्रार करतो मी. तुमचे कागद शोधून ठेवजा."

५ ऑगस्ट

विहारात सरिताचा जलदानाचा विधी झाला. वंदना झाल्यावर समाजातले एक वयस्क उठून बोलले, की आजारी बाईला तिसरं मूल कशाला, नवरा-बायकोनं समजून वागलं पाहिजे होतं. ते खरंच बोलत होते. पण रीना ताडकन उठली. "माह्या भाऊजींनी ऑपरेशन केलं होतं. जानेवारीतच. ते फेल गेलं, त्याच्यात माही बहीण मेली."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. ज्या गोष्टीला मी सहा महिने भ्यालो ती अशी भर विहारात उघडी पडली, आणि खोटी होती. मला वाटलं आता हसतील. पण दादा उठला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माह्या भावानं बायकोसाठी एवढं केलं आन् आमाले कळू नाही देलं. याले म्हणतेत माणूस. दवाखान्यावर मंडळातर्फे मोर्चा नेऊ. झेंडा धम्मदीपच धरन." लोकांनी माझे हात हातात घेतले. एक म्हातारी माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडून गेली.

मी उभा होतो. नाही म्हणालो नाही.

१० ऑगस्ट

गावात दोन बोलणी सुरू आहेत. पुरुष म्हणतात डॉक्टरची चूक. बाया पंपावर दुसरंच बोलतात. आज पाण्याला गेलो तर वहिनीचा आवाज ऐकला, "ऑपरेशन कायचं फेल होते. रोवणीले कशी धावत गेली, पाडाले गेली ती. पोट कोणाचं तेच तिले माहीत." मला पाहून सगळ्या गप्प झाल्या. मी गुंड भरला आणि घरी आलो.

मिलमध्ये धनीराम तेच बोलला. मी त्याची गचांडी धरून त्याला पोत्यांच्या थप्पीवर आपटलं, दोन दात पडले. टोळीनं आम्हाला सोडवलं आणि नंतर पाठ थोपटली. मर्द म्हणाले. मला दोन घटका बरंही वाटलं.

गोपीचंद पाठ थोपटायला आला नाही. सगळे गेल्यावर माझ्याजवळ बसून म्हणाला, "मले तीन महिन्यांनी तपासून कार्ड देलतं. मी अजून जपून ठेवलं हाय. तुह्यं कोठी हाय, धम्मदीप?"

मी म्हणालो, हरवलं.

"बरं," तो म्हणाला.

१४ ऑगस्ट, रविवार

सरिताची आई आली आसगावहून. आनंदाबाई. तीन बस बदलून, एकटी. रीना तिला स्टँडवरून घेऊन आली. म्हातारीनं पाणी घेतलं नाही. मी खाली बसलो होतो, ती माझ्यासमोर येऊन बसली आणि डोक्यावरून पदर घेऊन हात जोडले.

"जवाईबापू, आमच्या गावापर्यंत बोलणं आलं. खरं-खोटं मी नाही विचारत. ती माही पोरगी होती. तिच्याकून काही चुकलं असन तर तिले माफ करा. या पोरींले त्याच्यासाठी दूर नका करू."

आणि ती माझ्या पायांकडे वाकली.

मी तिचे हात धरले. मला वाटलं होतं, सांगताना मोठं काहीतरी फुटेल आतून. तसं काही झालं नाही. मी म्हणालो, "आई, मी ऑपरेशन केलंच नव्हतं. भंडाऱ्याले जाऊन परत आलो. तिले खोटं सांगितलं. पोट माहंच होतं."

रीना दारात होती. तिच्या हातातलं ताट खाली ठेवल्याचा आवाज आला.

आनंदाबाईनं ऐकू कमी आल्यासारखी मान पुढं केली. मग विचारलं, "मरतानी तिले माहीत होतं का?"

"नाही."

"तिनं विचारलं होतं का तुमाले?"

"विचारलं होतं."

तिनं हात सोडवून घेतले. मला शिवी दिली नाही. रीनानं दिली, पहिल्यांदाच मला अरे-तुरे करून, आणि ती बरोबर होती. आनंदाबाई उठली, पोरींचे केस विंचरले, त्यांचे कपडे पिशवीत भरले. संबोधीनं विचारलं, "बाबा येत नाही का?" म्हातारी म्हणाली, "बाबाले काम हाय."

दारात थांबून माझ्याकडे न पाहता म्हणाली, "जिथं जिथं माह्या पोरीचं नाव निघालं, तिथं तिथं जाऊन सांगा. मले सांगितलं तसंच. मंग पोरींले भेटाले या."

१५ ऑगस्ट

दादाला सांगितलं. तो अंगणात खुर्चीवर होता. ऐकून आधी आत गेला, वहिनीनं ऐकलं का ते पाहून परत आला.

"कोणाकोणाले सांगितलं?"

"तिच्या मायले आन् रीनाले."

"बस झालं. इथंच थांब," तो हळू आवाजात म्हणाला. "मेलेल्या बाईचं नाव चार दिवस निघते, मंग लोक भुलतेत. तुह्यं नाव जन्मभर निघन. बाबाचं निघते अजून. मोर्चा मी कसाही टाळतो. तू फक्त चूप राह्य."

तो वाईट माणूस नाही. त्यानं मला वाढवलं, मला वाचवायचंच पाहत होता. आणि मला ते पटत होतं, हेच वाईट. मी तिथून उठलो ते गुडघे धरून. बाबा धरायचा तसे.

१८ ऑगस्ट

भंडाऱ्याला गेलो. शिबिरात नावं पुकारणाऱ्या त्या तरुण डॉक्टरांना भेटलो. रीनाची तक्रार आली होती, ते बिचारे तीन दिवस रजिस्टर चाळत होते. मी लेखी दिलं की माझं ऑपरेशन झालंच नव्हतं, दोष कोणाचा नाही. त्यांनी कागद वाचला, रागावतील असं वाटलं. विचारलं, "नाव पुकारल्यावर उठून का गेलात?"

"भेलो होतो," मी म्हणालो.

"ऑपरेशनला?"

"नाही जी. लोकाइले."

२७ ऑगस्ट, शनिवार

सांगून झालं. विहारात रविवारी सांगितलं. वंदनेनंतर उभा राहिलो, दादा बसला होता तिथून उठून बाहेर गेला. पुढच्या जयंतीला झेंडा दुसऱ्याकडे असेल, ते कोणाला सांगावं लागलं नाही.

मिलमध्ये टोळीसमोर सांगितलं. धनीरामची माफी मागितली. तो जिभेनं टकटक करणार असं वाटलं, पण त्यानं जमिनीवर थुंकून तोंड फिरवलं. ते जास्त लागलं. गोपीचंद म्हणाला, "मले अंदाज होता." मी त्यालाही म्हणालो, तुह्यावर हसत होतो, चुकलं. तो म्हणाला, "हसले तर सारेच. तुह्यं तोंड तेव्हा येगळं दिसे."

पंपावर जायला सगळ्यांत जास्त दिवस लागले. काल सकाळी गेलो. आठ-दहा बाया होत्या, वहिनी होती. गुंड न घेता आलेला माणूस पाहून त्या थांबल्या. मी म्हणालो, सरितानं काही केलं नव्हतं, मी तिला फसवलं होतं, तिला शेवटपर्यंत कळलं नाही. कोणीतरी पंपाचा दांडा सोडला. वहिनीनं पदर तोंडावर घेतला. पलीकडच्या मोहल्ल्यातली जनाबाई सगळ्यांत म्हातारी, ती म्हणाली, "आता सांगून काय होते, बाबू? ती काय ऐकते का?"

मी म्हणालो, "ती नाही ऐकत. तुमी ऐका."

इतकं बोलून घरी आलो आणि मग रडलो. दिवसाउजेडी, बाजेवर बसून, दार उघडं होतं. दोघं-तिघं रस्त्यानं पाहत गेले.

हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. सांगितल्यानं ती चिखलातून वर आली नाही. तिनं मनगट सोडलं ते सोडलंच.

आज रीनाचा निरोप आला, आईनं बोलावलं आहे. पोरींना भेटता येईल. संबोधी सारखी विचारते म्हणे, माय कशानं मेली. आनंदाबाई तिला सांगते, तुह्या बाबाले विचार.

ती सहा वर्षांची आहे. मोठी झाली की सांगीन, असं मी इथं लिहिलं होतं. आता खोडलं. आसगावकडची पहिली बस सकाळी साडेसहाला आहे.